आजोबांची वही, भाटाचे फोटो आणि 'पोरींची नावं कशाला?'

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते. माहेर खान्देशात, शिरपूर तालुक्यात, सध्या पुण्यात नोकरी. वडील गेल्यावर घर आवरताना आजोबांची लाल कापडी बांधणीची वही हाती लागली, तिच्यात चार पिढ्यांची नावं. शिवाय गावात भाट, म्हणजे घरोघरच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारा, आला होता तेव्हा भावाने त्याच्या वहीचे काढलेले मोबाईल फोटो, काकांनी मुलाच्या जात पडताळणीच्या वेळी डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेली वंशावळ, आणि पिशवीभर लग्नपत्रिका. हे सगळं एक्सेलमध्ये भरायला घेतलं आणि दोनेकशे नावांवर गाडी अडली, कारण आजोबांचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे आणि जन्मसालही वेगवेगळं. आता वंशावळीचं सॉफ्टवेअर घ्यावं असं चाललंय. चुलतभाऊ म्हणतो थेट ऑनलाईन टाका, सगळे मिळून भरतील. काका म्हणतात, "पोरीस्ना नावे काबरं लिखतस?" आणि एक पणजी पाटाची, म्हणजे विधवा असताना दुसरं लग्न लावून आणलेली होती, तिचा विषयच काढू नको असंही म्हणतात. ताईंचा प्रश्न: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, आणि यातलं बरोबर काय ते कसं ठरवू?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य दोन-तीनदा आलंय, 'एकदाच काय ते बरोबर करून टाकायचं आणि मग परत हात लावायचा नाही.' माझ्या मते तुमची खरी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, ती या वाक्यात आहे. प्रत्येक रकान्यात एकच उत्तर बसतं आणि ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही असं तुम्ही धरून चाललात, म्हणून आजोबांच्या जन्मसालापाशी अडून बसलात आणि बाकीचे कागद पिशवीत तसेच पडून राहिले. वंशावळीच्या कामात आधी कुठला कागद काय म्हणतो ते जसंच्या तसं आत जाऊ द्यायचं, निकाल नंतर लावता येतो, आणि काही निकाल कधीच लागत नाहीत, त्यानेही काही बिघडत नाही.

पण त्याच्याही आधी लॅपटॉप बंद करा आणि सुरतला आत्यांना फोन लावा. तुम्ही लिहिलंय त्या त्र्याऐंशीच्या आहेत आणि डोकं एकदम लख्ख आहे, आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय 'त्यांनाही विचारायचंय एकदा'. वही पुढच्या वर्षीही तेच सांगेल जे आज सांगते. आत्यांचं तसं नाही. सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न सहा महिने थांबला तरी चालेल, हा फोन थांबवू नका.

फोनवर तारखा विचारू नका, तारखा कुणालाच आठवत नाहीत आणि समोरचं माणूस उगाच कावरंबावरं होतं. प्रसंग विचारा. पहिलं बाळंतपण कुठे झालं, तेव्हा घरात कोण कोण होतं, बहात्तरच्या दुष्काळात धाकटा केवढा होता, खडी फोडायला कोण कोण गेलं होतं. आपल्या भागातल्या जुन्या माणसांचं कॅलेंडर असंच असतं, नंदुरबारला शिरीषकुमारला गोळी लागली ते साल म्हटलं की १९४२ चा सप्टेंबर, फैजपूरची काँग्रेस म्हटली की १९३६ चा डिसेंबर. "तुमचा जन्म शिरीषकुमारच्या आधीचा की नंतरचा असं माय काही सांगायची का" एवढं विचारलं तरी एखादं साल पक्कं होतं. त्यांना विचारून रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्या अहिराणीत बोलतील तर बोलू द्या, प्रमाण मराठीत करून लिहायच्या भानगडीत पडू नका, आणि कुठल्या दिवशी काय सांगितलं ते नोंदवा कारण ते बोलणं हासुद्धा एक कागदच आहे.

आता आजोबांचं बघू. आपण इथे आजोबांना धोंडू म्हणू आणि पणजोबांना नथू. तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून घरच्या वहीत 'धोंडू नथू', शाळेच्या दाखल्यावर 'धोंडीराम नथ्थू पाटील', जन्म १ जून १९२१, जुन्या सातबाऱ्यावर 'धोंडू नथा', आणि भाटाच्या वहीत संवत १९७५. तुम्ही दाखल्याला झुकताय कारण तो सरकारी आहे, छापील आहे, त्यावर शिक्का आहे. पण ती १ जून बघा ना. आपल्याकडच्या शाळांत निम्म्या जुन्या लोकांचे वाढदिवस १ जूनलाच का येतात, तर पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर अंदाजाने वय धरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे व्हायचे. म्हणजे शिक्का खरा आहे, पण ज्याने लिहिलं त्याला जन्म माहीत नव्हता.

भाटाचा संवत घ्या आता. विक्रम संवतातून साल काढायला ५७ किंवा ५६ वजा करायचे, व्यापाऱ्यांसारखं दिवाळीच्या पाडव्याला वर्ष बदलतं धरलं तर संवत १९७५ म्हणजे नोव्हेंबर १९१८ ते ऑक्टोबर १९१९. चैत्रापासून धरलं तर थोडं अलीकडे-पलीकडे होईल. आणि तुम्हीच पत्रात एका ओळीत लिहून गेलात की आजोबा सांगायचे, 'मानमोडीत माय आजारी पडली तेव्हा मी पोटात होतो.' मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आपल्याकडे १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत जोरात होती. म्हणजे घरातली आठवण आणि भाटाची वही दोघी हातात हात घालून उभ्या आहेत, एकमेकींना न विचारता, आणि शिक्क्याचा कागद दोन-अडीच वर्षांनी बाजूला आहे. मी असते तर जन्म '१९१८ ते १९१९ दरम्यान' असा लिहिला असता. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये 'दरम्यान', 'सुमारे', 'च्या आधी' असं लिहायची सोय असते, ती वापरा. आणि १ जून १९२१ पुसू नका, तीही नोंद दुसरा जन्म म्हणून ठेवा, तिच्या खाली शाळेचा दाखला जोडा, कारण उद्या कोणी नातू पेन्शनचा किंवा निवडणुकीचा जुना कागद घेऊन आला आणि त्यावर १९२१ असलं तर त्याला कळायला हवं की ते साल कुठून आलं.

अजून एक कागद शोधता येईल, गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची जुनी नोंद. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची धावपळ झाली तेव्हा आपल्याकडे पुष्कळ घरांनी तहसीलमधून याच्या नकला काढल्या, तुमच्या भाऊबंदीत कोणाच्या तरी फायलीत १९१८-१९ चं पान असू शकतं, आधी ते विचारा. पण आधीच सांगून ठेवते, जन्माच्या नोंदीत कित्येकदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच, आईचंही नाव नसतं. तेव्हा 'नथू यास मुलगा' सापडला की लगेच 'सापडले आजोबा' म्हणून उड्या मारू नका, तो आजोबांचा लवकर गेलेला मोठा भाऊसुद्धा असू शकतो, त्या काळात घरोघरी अशी पोरं गेलेली आहेत. नोंद मोडीत असेल तर वाचून घ्या, वाचणाऱ्याचं नाव आणि वाचलेली तारीख लिहा, आणि मूळ फोटो कायम सोबत ठेवा.

आता कामाच्या पद्धतीचं. तुम्ही माणसाप्रमाणे भरत होतात, म्हणजे एक माणूस घेतला की त्याच्यासाठी चारही ठिकाणी शोधायचं, म्हणून दमलात. कागदाप्रमाणे भरा. आजोबांची वही घ्या, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती जे म्हणते ते भरा, प्रत्येक नोंदीला 'आजोबांची वही, पान अमुक' असा स्रोत लावा, वही संपली की बाजूला ठेवा. मग भाटाचे फोटो. मग पत्रिका. पत्रिकांना कमी समजू नका, खान्देशातल्या पत्रिकेवर सगळी भाऊबंदी छापलेली असते, कोण कोणाचा चुलता, कोण मामा, मूळ गाव कुठलं आणि 'ह.मु. सुरत', 'ह.मु. नाशिक', वर लग्नाची तारीख, तीही छापलेली. त्या लग्नाच्या सुमाराला कोण कुठे राहत होतं याचा याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही. गंधमुक्तीच्या आणि उत्तरकार्याच्या छापील पत्रिकाही जपून ठेवा, त्यात मृत्यूची तारीख असते आणि लेकी-जावयांची नावंही असतात.

सॉफ्टवेअर विचारलंत तर माझं मत ग्रॅम्प्स. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, २००१ पासून लोक ते मिळून बनवतायत, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की प्रत्येक नोंदीला स्रोत लावता येतो, त्या स्रोतावर किती भरवसा हे अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत ठरवता येतं, आणि मूळ कागद कोणाच्या घरी आहे तेसुद्धा लिहिता येतं. 'काकांचं लोखंडी कपाट' असं खुशाल लिहा. दिसायला जरा रुक्ष आहे, मोबाईलवर काम करायला सोयीचं नाही, पहिले आठ दिवस चिडचिड होईल. तुम्हाला ते नाहीच जमलं तर दुसरं कुठलंही घ्या पण दोन गोष्टी बघून घ्या, स्रोत लावता येतो का आणि सगळी माहिती जेडकॉम फाईलमध्ये बाहेर काढता येते का.

जेडकॉम म्हणजे एका वंशावळ सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती न्यायची सगळ्यांनी मानलेली फाईल. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चच्या लोकांनी १९८४ मध्ये काढली, आज बहुतेक ठिकाणी ५.५.१ आवृत्ती चालते आणि २०२१ मध्ये ७.० आली. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की फाईल काढताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर देवनागरीचा चोथा होतो. तारीख आतमध्ये इंग्रजी आकड्यांत आणि इंग्रजी महिन्यातच जाते, म्हणून तारखेच्या रकान्यात मराठी आकडे, शके, संवत टाकू नका. संवत १९७५ हे शब्दात तसंच टिपणात लिहा आणि रकान्यात इंग्रजी साल टाका. शके असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. फसली, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर साधारण ५९०. हिशोब केला तोही टिपणात लिहून ठेवा, कारण चूक झाली असेल तर ती पुढच्याला पकडता आली पाहिजे.

एक्सेलचं काय करायचं? ग्रॅम्प्समध्ये सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साध्या मजकुरातली फाईल, आत घेता येते, रकान्यांची इंग्रजी नावं ते सांगतात तशीच द्यावी लागतात आणि स्रोताचाही रकाना असतो. पण तुमच्या त्या दोनशे ओळींत कुठलं नाव कुठून आलं ते लिहिलेलंच नाही असं तुम्ही म्हणता, मग त्या आत घेऊन तुम्ही गोंधळच आत घ्याल. मी त्या टाकून द्या म्हणत नाही, बाजूला उघड्या ठेवा, टाईप करताना स्पेलिंग बघायला आणि राहिलेलं कोणी सापडायला उपयोगी पडतील, पण भरताना परत कागदावरून भरा. तरीही आत घ्यायच्याच असतील तर एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडून सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि एकदा तशी सेव्ह झाली की त्या फाईलमधून नावं परत मिळत नाहीत. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही हेही लक्षात असू द्या. आणि कुठल्याही परिस्थितीत सगळं एकदम नको, आधी दहा माणसं टाका, त्यांची जेडकॉम काढा, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा काय पोचलं काय गळलं.

काकांची डीटीपीवाल्याची फाईल तुमच्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतेय असं लिहिलंय, ती बिघडलेली नाहीये. आपल्याकडचे डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात, त्यात आतून इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, वापरा, पण नंतर छापील प्रतीशी एक एक नाव ताडून बघा, रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते.

नावांच्या बाबतीत एक मोठा धोका आपल्या घरांत आहे. आजोबाचं नाव नातवाला द्यायची पद्धत, त्यामुळे नथू धोंडू, धोंडू नथू, परत नथू धोंडू. एक्सेलमध्ये तुम्ही 'डुप्लिकेट' म्हणून दोन ओळी काढून टाकल्या असं लिहिलंय, ते ऐकून धस्स झालं. त्या परत आणा, जुनी फाईल असेलच. नाव सारखं म्हणून दोन माणसं कधीच एक करायची नाहीत, सॉफ्टवेअर प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतं तो त्यासाठीच. उलटही होतं बरं का, मामाची मुलगी केली असेल तर ती बाई एकदा भाची म्हणून येते आणि एकदा सून म्हणून, तेव्हा दोन बायका तयार करू नका, एकीलाच दोन्हीकडे जोडा.

आणि ज्या कागदावर आडनाव नाही तिथे आपलं आजचं आडनाव चिकटवू नका. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही मुळात गावच्या कामाची नावं, एकाच भाऊबंदीत एक घर पाटील लावतं आणि दुसरं कुळाचं आडनाव. आजोबांचं मुख्य नाव 'धोंडू' ठेवा आणि धोंडीराम, नथ्थू पाटीलवालं रूप, सातबाऱ्यावरचं रूप, ही सगळी पर्यायी नावं म्हणून आपापल्या कागदासकट द्या. बापाचं नाव नावाच्या रकान्यात कोंबायची गरज नसते, बाप जोडलेला असतोच, पण दाखल्यावर जसं आहे तसं पर्यायी नावात येऊ द्या म्हणजे शोधताना सापडतं. गावाचंही असंच, आजोबा जन्मले तेव्हा तुमचं गाव पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतं, खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि पश्चिम खान्देशचं धुळे १९६० मध्ये. तळोदा-शहाद्याकडचे नातेवाईक असतील तर त्यांचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पासूनचा. ग्रॅम्प्समध्ये एकाच गावाला 'या सालापासून या जिल्ह्यात' असं सांगता येतं, त्यामुळे एका गावाची तीन गावं होत नाहीत. सरदार सरोवरात गेलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या गावांसारखं गाव असेल तर मूळ गाव आणि पुनर्वसनाचं गाव मात्र दोन वेगळ्या जागा म्हणूनच ठेवा.

आता काका. त्यांच्यावर चिडू नका, आधी समजून घ्या ते कशाला घाबरतात. मला वाटतं त्यांना नावांचं काही नाही, जमिनीचं आहे. पोरींची नावं वंशावळीत आली की उद्या हिस्सा मागतील अशी भीती आपल्याकडे किती तरी घरांत आहे. त्यांना शांतपणे हे सांगा की मुलीचा हक्क तुमच्या लॅपटॉपमधून येत नाही, कायद्यातून येतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली, ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी त्या तारखेला बाप हयात असण्याचीही गरज नाही. खातेदार गेला की तलाठ्याकडच्या वारस नोंदीत लेकींची नावं द्यावीच लागतात, मग कोणाला हक्क सोडायचा असेल तर ती स्वतःच्या मर्जीने रजिस्टर हक्कसोडपत्र करते. म्हणजे वंशावळीच्या झाडात नाव घातल्याने काही मिळत नाही आणि गाळल्याने काही जात नाही. एवढं कळलं की पुष्कळ काका निवळतात. आणि नाही निवळले तरी तुम्ही नावं लिहा. यात मी मधला मार्ग सांगणार नाही. तुमच्या भाटाच्या वहीत सुनांची माहेरची कुळं आणि गावं लिहिलेली आहेत असं तुम्हीच कळवलंय, म्हणजे त्या माणसाच्या पूर्वजांनासुद्धा घरात आलेली बाई कुठली हे लिहिण्यासारखं वाटलं, मग घरातून गेलेली लेक कुठे गेली हे आपण गाळायचं कारण काय.

बाईचं नाव लिहिताना माहेरचं नाव मुख्य आणि सासरचं पर्यायी, प्रकार 'लग्नानंतरचं'. आपल्या बहिणाबाईंचं बघा, आसोद्याच्या उखाजी महाजनांची लेक म्हणून त्या एका झाडात, जळगावच्या नथूजी चौधरींची पत्नी म्हणून दुसऱ्या झाडात, आणि बाई एकच. फक्त 'बहिणाबाई चौधरी' लिहून ठेवलं असतं तर आसोद्याकडून शोधणाऱ्याला त्या कधी सापडल्या नसत्या. लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत काही घरांत होती, तेव्हा आत्यांना विचाराच की आजीचं माहेरचं हाक मारायचं नाव काय होतं. आणि नावच माहीत नसेल तर रकाना मोकळा ठेवून माणूस मात्र तयार करा, 'बोराडीची, नाव माहीत नाही' असं टिपण घाला, तिला गाळू नका.

पाटाच्या पणजीबद्दल. काका लपवायला सांगतात ते अब्रूच्या काळजीने, पण पाट ही आपल्या पुष्कळ समाजांत उघड मानलेली रीत होती, विधवेला पाट लावून घरात आणायचे. तुम्ही लिहिलंय तिच्याबरोबर पहिल्या घरचा मुलगा आला होता आणि वंशावळीत तो सख्खा म्हणून दाखवलाय. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. काय नोंदवायचं आणि कोणाला दाखवायचं. नोंदवायचं खरं तेच, त्या मुलाला दोन्हीकडे जोडता येतं, जन्माने पहिल्या घराशी आणि सावत्र म्हणून तुमच्या पणजोबांशी, दत्तकाचंही असंच करतात. दाखवायचं कोणाला ते मात्र त्या मुलाच्या आजच्या नातवंडांना विचारून ठरवा, कारण ती गोष्ट तुमच्याइतकीच, किंबहुना जास्त, त्यांची आहे. ते तयार होईपर्यंत ग्रॅम्प्समध्ये त्या नोंदीला कुलूप लावा, खाजगी म्हणून, मग छापताना किंवा फाईल बाहेर काढताना ती वगळता येते. गाळलेलं आणि झाकलेलं यात फरक आहे. आणि पडताळणीचं प्रतिज्ञापत्र देताना त्या शाखेचा उल्लेख आला तर आधी वकिलाला विचारा, शपथेवर चुकीचं लिहून देऊ नका.

चुलतभावाच्या ऑनलाईनच्या आग्रहात तथ्य आहे, सुरत-उधना, नाशिक, पुणे अशी भाऊबंदी पांगलीय आणि एकट्याने होणारं काम नाही. पण ऑनलाईन झाडं दोन प्रकारची असतात. फॅमिलीसर्चसारख्या ठिकाणी सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे, गेलेल्या माणसाची नोंद कोणीही बदलू शकतो, तुम्ही महिनाभर घासून लिहिलेलं कोणीतरी चांगल्या हेतूने पाच मिनिटांत फिरवून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात झाड तुमचं असतं पण ते त्या कंपनीच्या अकाउंटवर, पैसे भरायचं थांबवलं की काही सोयी बंद. म्हणून मूळ प्रत तुमच्या संगणकावर, आणि ऑनलाईन टाकायचंच तर गेलेल्या माणसांचं तेवढंच. जिवंत माणसाची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, फोन नंबर बाहेर टाकू नका, बँकांचे पासवर्ड विसरल्यावरचे प्रश्न याच माहितीवर असतात.

सगळ्यांना मिळून भरायचंय ना, तर कानबाईच्या सणाला बसा. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे गावी येतातच, रोटांच्या प्रसादासाठी भाऊबंदी एका घरी असते, त्याहून चांगली वेळ कुठली मिळणार. प्रत्येक घराच्या शाखेचं एक पान मोठ्या अक्षरात छापून न्या, सोबत पेन ठेवा, चुका काढायला सांगा. लोक कोऱ्या कागदावर काही लिहीत नाहीत पण छापलेली चूक दिसली की हमखास दुरुस्त करतात. ती पानं सही-तारखेसकट ठेवा, तोही स्रोत. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवाल तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून बारीक होतात आणि मोडीची शेपटी दिसत नाही.

पडताळणीचं एक. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना वाटतं की सॉफ्टवेअरमधून छान तक्ता काढला की समितीपुढे चालेल. तक्ता नुसता नकाशा असतो, तिथे लागतं प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ आणि तिच्यातल्या माणसांचे जुने पुरावे, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. कोणाचं फक्त एवढंच काम असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, साधा कागद आणि नीट लावलेली फाईल पुरते. मात्र कागदाप्रमाणे भरलेलं झाड असेल तर कुठल्या माणसाचा कुठला पुरावा कोणाच्या घरी आहे ते दोन मिनिटांत सापडतं, काकांच्या धाकट्याची पडताळणी अजून व्हायचीय म्हणालात, तर त्यांना हे दाखवा, त्यांचा विरोध निम्मा तिथेच उतरेल.

भाट परत आला की त्याची बिदागी नीट द्या आणि त्याला विचारूनच त्याच्या पानांचे फोटो काढा, ती वही त्याचं पोट आहे. दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, एका पानाचे दोन फोटो. आणि ग्रॅम्प्सचं पूर्ण पॅकेज, ज्यात फोटोही येतात, महिन्यातून एकदा काढून एक पेनड्राईव्ह स्वतःकडे आणि एक गावी काकांकडे ठेवा, जेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, फक्त ते कुठे ठेवलेत तेवढं जातं, म्हणून एकट्या जेडकॉमवर राहू नका. आत्यांशी बोलणं झालं की मला कळवा, विशेषतः त्यांच्या आईचं माहेर कुठलं निघालं ते.